बिलापायी फोन अडवलास व्हय रं?

रात्री पावणेदोनला आमच्या शेजारच्या काकांनी एक नंबर लावला. त्यांच्या गोठ्यातली म्हैस अडली होती. पलीकडून फोन उचलला गेला, दोन सेकंद शांतता, आणि कट. पुन्हा लावला. पुन्हा कट. असं पाच वेळा झालं. मग काकांनी फोन खिशात टाकला, गाडीला किक मारली आणि अंधारात डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. डॉक्टर लगेच आले. म्हैस वाचली. रेडकू नाही वाचलं.

काकांचा फोन ज्या सिस्टिमनं पाच वेळा कट केला, ती सिस्टिम मी बनवली होती.

म्हणजे मी आणि माझे दोन मित्र. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला विषय हवा होता आणि रहिमतपूरच्या आसपासच्या एका गुरांच्या दवाखान्याची अडचण डोळ्यांसमोर होती. तिथले तीन डॉक्टर आळीपाळीनं रात्री फोन घ्यायचे. आज कुणाची पाळी हे मात्र शेतकऱ्याला कधीच माहीत नसायचं. आम्ही म्हटलं, सोप्पंय! एकच नंबर द्यायचा. फोन आला की कॉम्प्युटर उचलणार, ‘नमस्कार’ म्हणणार, ज्याची पाळी असेल त्या डॉक्टरांच्या मोबाइलवर जोडून देणार आणि कोण, कधी, किती वेळ बोललं याची नोंद ठेवणार. एक जुना पीसी, इंटरनेटवरची एक फोन लाइन आणि फुकट मिळणारं अ‍ॅस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर. तीन आठवड्यांत गाडी धावायला लागली. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी स्वतः फोन लावून बघितला, खूश झाले. आम्ही हवेत.

त्या रात्री झालं ते एवढंच. सगळे कॉल रेकॉर्ड करून करून पीसीची डिस्क भरली होती. आमचा प्रोग्राम फोन उचलल्यावर सगळ्यात आधी डेटाबेसमध्ये ‘कॉल आला’ अशी नोंद करायला जायचा. डिस्कमध्ये जागा नाही, त्यामुळे नोंद होईना. नोंद होईना म्हणून प्रोग्राम तिथंच मेला. डॉक्टरांना फोन जोडणारी ओळ त्याच्या बरीच खाली होती. तिथपर्यंत तो कधी पोचलाच नाही.

सकाळी घरी मी हे सगळं आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा. अख्खी नोकरी टेलिफोनमध्ये गेली त्यांची. आधी सरकारी खातं, मग २००० साली बीएसएनएल झालं तेव्हा तिथं. खांबावर चढण्यापासून एक्स्चेंजमधली कार्डं बदलण्यापर्यंत सगळी कामं केलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“म्हंजी बिलाच्या कागदापायी तू फोन अडवलास व्हय रं?”

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर चार वर्षांत कुठल्याच सरांनी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

आठ फोन बंद, गाव चालू

मॉड्युलर प्रोग्रामिंग आपण सगळेच शिकतो. फर्स्ट इयरला सर फळ्यावर लिहितात, ‘मोठा प्रोग्राम छोट्या छोट्या भागांत तोडा’. आपण चार फंक्शन लिहितो, दोन मार्क घेतो, विषय संपला. मीही तोडलेच होते की भाग! माझ्या कोडमध्ये चांगली अकरा फंक्शन होती, एकाखाली एक, नीटनेटकी. पण ती एकाच माळेत ओवलेली होती. धागा तुटला की सगळे मणी जमिनीवर.

आबांना मॉड्यूल हा शब्द त्या अर्थानं माहीत नाही. त्यांना कार्ड माहीत आहे. खेड्यातल्या एक्स्चेंजचं ते जे सांगतात ते असं: एका खोलीत एक कपाट. कपाटात खाचा, खाचांमध्ये कार्डं. एका कार्डावर आठ लाइनी. “येक कार्ड गेलं तर आठ फोन बंद पडायचं. गाव न्हाय. आपुन जायाचं, जळकं कार्ड वढून काढायचं, नवं बसवायचं. बाकीची लोकं तिकडं बोलतच असायची, त्यास्नी पत्त्या न्हाय.”

हे कपाट म्हणजे आरएएक्स, रुरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज. आणि ते कुठून आलं याची गोष्ट आपल्या वयाच्या पोरांनी माहीत करून घेण्यासारखी आहे, कारण ते बनवणारेही साधारण आपल्याच वयाचे होते.

१९८४चा ऑगस्ट. घरी फोन लागावा म्हणून लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसायचे, तो काळ. दिल्ली-बंगळूरूला सी-डॉट नावाची सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. मागे तीन नावं होती. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांत काम करून आलेले सॅम पित्रोदा, टेलिफोन खात्याच्या संशोधन विभागातले जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर काम केलेले एम. व्ही. पिटके. बोली साधी होती: ३६ महिने, ३६ कोटी रुपये आणि बदल्यात भारतीय डिजिटल एक्स्चेंज. भरती केलेले बहुतेक इंजिनिअर पंचविशीच्या आसपासचे. आज आपण ज्याला स्टार्टअप म्हणतो ना, तोच माहोल, फक्त सरकारी पगारावर!

परदेशी एक्स्चेंजं तेव्हा मिळत होतीच. पण ती मोठ्या शहरांच्या हिशेबानं केलेली, एसी लागणारी, हजारो लाइनींची. आपल्याकडच्या खेड्यात दोन-चार डझन फोन, मे महिन्यातलं ऊन, धूळ आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. सी-डॉटनं सुरुवात लहान टोकापासून केली. १२८ जागांचं आरएएक्स, एसी न लागणारं. १६ कार्डं, प्रत्येकी आठ. विचार करण्याचं काम करणारी कार्डं मात्र जोडीनं, एक कामावर आणि एक तयारीत. कामावरचं पडलं की दुसरं सूत्रं हातात घेणार. जुलै १९८६मध्ये पहिलं आरएएक्स कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं. मग महाराष्ट्रासकट देशभर गावोगाव लागत गेली. मोठ्या एक्स्चेंजला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, त्यावरून टीकाही भरपूर झाली, तो भाग वेगळा.

पण गंमत मोठ्या एक्स्चेंजमध्येच आहे. त्याच्या रचनेचं एकक होतं बेस मॉड्यूल, ५१२ जागांचं. त्याच्याही पोटात १२८-१२८चे चार भाग. असं एक मॉड्यूल एकटं ठेवलं तर छोट्या गावाचं एक्स्चेंज झालं. गाव वाढलं, दुसरं आणून जोडा. मध्ये एक सेंट्रल मॉड्यूल घालून अशी ३२ जोडली की सुमारे ४० हजार लाइनींचं शहर उभं राहतं. कपाट तेच, कार्डं तीच, आणि मेकॅनिकलाही नव्यानं काही शिकायला नको. आपल्याकडं घर बांधताना कसं, आधी दोन खोल्या, पोराचं लग्न ठरलं की वर एक मजला. पायात तेवढा दम आधीच धरून ठेवायचा.

एक कॉल जन्मतो

कपाट दिसतं, हाताला लागतं. सॉफ्टवेअर दिसत नाही. त्यामुळं ते तुकड्यांत आहे की एकाच गोळ्यात, हे कोसळेपर्यंत कळत नाही.

आमच्या घरचा जुना लँडलाइन नंबर घ्या. कोरेगाव तालुक्याचा कोड ०२१६३. पुण्याहून मामा फोन लावायचा तेव्हा पहिलं शून्य सांगायचं, ‘कॉल बाहेरगावचा आहे’. २१६३ सांगायचं कुठल्या भागात जायचं. पुढचे सहा आकडे आमच्या घराच्या तारेपर्यंत आणून सोडायचे. प्रत्येक टप्प्यावरच्या यंत्राला फक्त आपल्या वाटणीचे आकडे कळले तरी पुरे. पुण्यातल्या एक्स्चेंजला आमची गल्ली माहीत असायची गरज नाही. ही वाटणी सॉफ्टवेअरमध्ये आणखी खोल जाते.

सी-डॉटच्या सॉफ्टवेअरमध्ये कामं सरळ वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली होती. कॉल जोडण्याचं खातं एक. बिघाड शोधून त्या भागाला बाजूला करण्याचं दुसरं. बिल, नवं कनेक्शन, अहवाल असलं कारकुनी काम तिसऱ्याकडं. माहिती सांभाळणारं चौथं. खाली सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. वरचा बहुतेक कोड सी भाषेत, हो, तीच सी, जिच्या पॉइंटरमध्ये आपली निम्मी बॅच अडकते. एका खात्यानं दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी उचलायची नाहीत. काही हवं असेल तर निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची.

तुम्ही रिसीव्हर उचलला की तुमच्या बाजूनं एक छोटी प्रोसेस जन्माला येते. ती टोन देते, आकडे गोळा करते, ‘हा नंबर कुठं?’ म्हणून विचारते. समोरच्यासाठी दुसरी जन्मते, ती घंटी वाजवते. दोघी मिळून वाट मागून घेतात. बोलणं संपलं, रिसीव्हर ठेवला, दोघी मरतात. एखाद्या कॉलमध्ये काही लोचा झाला तर तो त्या दोघींपुरता. शेजारच्या तारेवर कुणीतरी मुलीच्या लग्नाची बोलणी करत असतं, ती चालू राहतात.

आणि बिल? बोलणं झाल्यावर त्याची माहिती कारकुनाकडं जाते. कारकून डुलकी काढत असेल तर कागद थोडा वेळ साठून राहतील. पण कारकून झोपला म्हणून दार बंद, असं एक्स्चेंज करत नाही. मी नेमकं तेच केलं होतं! पहारेकरी, कारकून आणि डॉक्टरांना हाक मारणारा पोऱ्या, तिघांची कामं एकाच माणसाला दिली आणि त्याला आधी वही लिहायला बसवलं.

ही अक्कल फक्त आपल्याकडच्यांनाच सुचली असं नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग नावाची अख्खी प्रोग्रामिंग भाषाच तयार केली. तिचा मंत्र ऐकून आमचे सर घेरी येऊन पडतील: चूक झाली तर प्रोसेसला मरू द्या! सावरत बसू नका. तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस नवी उभी करेल. हे कुठं वापरतात? तुमच्या हातात. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर याच भाषेवर उभा राहिला. २०१४मध्ये फेसबुकनं कंपनी विकत घेतली तेव्हा ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते तीसेक. सकाळच्या ‘गुड मॉर्निंग’ फुलांचं ओझं उचलणारी ही भाषा मुळात फोन जोडायला जन्मली होती.

तोडलं म्हणजे वाचलं?

इथवर वाचून वाटेल, चला, तुकडे करा आणि निवांत झोपा. मलाही वाटलं होतं. मग एका सिनिअरनं मला १५ जानेवारी १९९०ची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याचे फोन जोडणारी ११४ मोठी एक्स्चेंजं होती. एक पडलं तर बाकीच्यांनी वाट बदलायची, अशी झकास रचना. त्या दुपारी न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला. नियमाप्रमाणे ते काही सेकंद बाजूला झालं, स्वतःला नीट केलं आणि शेजाऱ्यांना निरोप धाडला, ‘मी परत आलो’. शेजारी तो निरोप वहीत लिहीत असतानाच दुसरा निरोप येऊन धडकला आणि एक चूक जागी झाली. सी भाषेतला एक ‘ब्रेक’ चुकीच्या जागी पडला होता. महिन्याभरापूर्वीच्या सुधारणेत आला होता तो. शेजारी गोंधळले, त्यांनीही नियमाप्रमाणे स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्यांच्या शेजाऱ्यांना निरोप धाडला, ‘मी परत आलो’...

पुढचं कळलंच असेल. तब्बल नऊ तास सगळं जाळं उचक्या देत होतं. कोट्यवधी कॉल लागलेच नाहीत.

भाग ११४ होते, पण सगळ्यांच्या पोटात तेच सॉफ्टवेअर आणि तीच चूक. शिवाय बरं झाल्याचा निरोपच रोग पसरवत होता. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मंग येकाच खोडाची समदी रोपं म्हनायची. करपा आला की वावर साफ.” आमच्याकडं आल्याची शेती, त्यामुळं त्यांचे दाखले शेतातूनच येतात. पण मला वाटतं, कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे लवकर समजतं. तुकडे किती केले याला फारसा अर्थ नाही. एका तुकड्याचं दुखणं दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेनं जाईल, ती वाट शोधायची असते.

पुन्हा मांडणी

अ‍ॅस्टरिस्कची आतली रचना मी आधी कधी वाचलीच नव्हती. यूट्यूब बघून काम भागत होतं ना! त्या प्रकारानंतर बसून वाचली, आणि डोक्याला शॉटच लागला. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोरानं १९९९मध्ये ते लिहायला घेतलं, कारण त्याच्या छोट्या कंपनीला ऑफिसची फोन सिस्टिम विकत घेणं परवडत नव्हतं. मधला गाभा लहान ठेवला. बाकी सगळं सुटी मॉड्यूल्स. बाहेरच्या लाइनशी बोलणारं वेगळं, आवाज एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं वेगळं, व्हॉइसमेल वेगळं, कॉलची नोंद ठेवणारं वेगळं. नोंद ठेवायची सोय त्यात आधीपासून होती, कॉलला हात न लावता, बाजूला! मी ती न वापरता स्वतःची शहाणपट्टी केली होती. चालू सिस्टिममध्ये एखादं मॉड्यूल आज्ञा देऊन काढता येतं, परत घालता येतं. आबांच्या भाषेत, कार्ड वढायचं आणि बसवायचं.

(वसंत कानेटकर आमच्या रहिमतपूरचे, इथंच जन्मले. शाळेत दरवर्षी गॅदरिंगला नाटक असायचंच. एकदा प्रॉम्प्टर आजारी पडला म्हणून अख्खा प्रयोग रद्द झाला होता. तेव्हा हसलो होतो.)

नवीन मांडणीत मी आधी एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडं भाग, उजवीकडं ‘हा पडला तर काय पडेल?’ रेकॉर्डिंग पडलं, तर काही नाही. नोंद पडली, तर काही नाही, दवाखान्याला सकाळी मेसेज. ‘नमस्कार’चा आवाज सापडला नाही, तर नमस्कार न म्हणता फोन जोडा. पाळीची यादी वाचता आली नाही, तर तिन्ही डॉक्टरांचे फोन एकदम वाजवा, जो उचलेल तो. शेवटी उजव्या रकान्यात ‘सगळं’ असं फक्त दोनच ठिकाणी उरलं: वीज आणि इंटरनेट. विजेला इन्व्हर्टर लावला. इंटरनेटचं काम अजून बाकी आहे. तोवर दवाखान्याच्या पाटीवर आमच्या नंबरखाली तिन्ही डॉक्टरांचे नंबर रंगवून घेतलेत. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ती पाटी नाही, पण मला विचाराल तर सिस्टिममधलं सगळ्यात भरवशाचं मॉड्यूल तेच.

गेल्या रविवारी घरीच टेस्ट घेतली. आबांचा जुना काळा फोन एका अडॅप्टरनं पीसीला जोडला, डॉक्टरांच्या जागी आईचा मोबाइल टाकला. मुद्दाम डिस्क गच्च भरून ठेवली. डेटाबेस बंद केला. रेकॉर्डिंगचं मॉड्यूल काढलं. आबांनी रिसीव्हर कानाला लावला.

“टोन हाय.”

“आबा, टोन त्या अडॅप्टरचाच असतो. पीसी बंद असला तरी येणार.”

“मंग टोनवर इश्वास ठिवू नगंस. नंबर लावतो थांब.”

त्यांनी लावला. स्वयंपाकघरात आईचा मोबाइल वाजला. आईनं पीठ लागलेल्या हातानं उचलला, “हॅलो, कोण?” म्हणाली, आणि आबा या खोलीतून त्या खोलीत फोनवर विचारू लागले, भाकरी झाल्या का. दोन मिनिटं बोलत बसले दोघं.

नवीन सिस्टिम आता दवाखान्यात चालू आहे. रात्रीचे फोन येतात, जोडले जातात. शेजारच्या काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझी होती, आता दुरुस्त केलीय. ते काही रागावले नाहीत, चहा दिला. पण त्यांच्या मोबाइलमध्ये आता तिन्ही डॉक्टरांचे थेट नंबर सेव्ह आहेत. आमचा नंबर त्यांनी काढून टाकलाय.